वायर काढलेली होती

इथं गूढ अनुभव लिहिणारे बरेच जण सुरुवातीलाच सांगतात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता. पण माझी अडचण जरा वेगळी आहे. माझ्यासोबत जे घडलं तेव्हा खोलीत आणखी माणसं होती आणि त्यांच्यापैकी कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. फीडर ट्रिप झाला, लाईन गेली — बस. रोज होतो. ते होणं अशक्य होतं, हे फक्त मला माहीत होतं. आणि का अशक्य होतं हे सांगायचं, तर आधी मी काय केलं होतं ते सांगावं लागतं. म्हणून इतकी वर्षं कुणाला काही बोललो नाही.

मी वीज खात्यात सबस्टेशनचा ऑपरेटर. नगर जिल्ह्याचा — आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं — अगदी पूर्वेचा कोपरा, जामखेड तालुका. गावाचं नाव देत नाही. डांबरी सोडून आत आलं की माळावर आमचं सबस्टेशन. यार्डात खडी, एका अंगाला कंट्रोल रूम. खोलीत लोखंडी पॅनेल ओळीनं उभी, एकेका फीडरचं, म्हणजे इथून बाहेर जाणाऱ्या लाईनचं, एकेक. समोर टेबल, फोन आणि भिंतीला लागून एक बाक. तक्रार घेऊन आलेली माणसं त्या बाकावर बसतात आणि लाईट आल्याशिवाय उठत नाहीत. बाहेर एक कडुनिंब आहे. त्याची सावली साहेबांच्या गाडीसाठी.

गप्पांत भुताखेतांचा विषय निघाला की मी म्हणायचो, बाबांनो, मी दिवसभर न दिसणाऱ्या गोष्टीबरोबरच काम करतो, मला आणखी एक नको. करंट दिसत नाही, पण लबाडी करत नाही. वाट मिळाली की जातो, नाही मिळाली की थांबतो. कारणाशिवाय काही होत नाही... असं मी म्हणायचो.

थोडं कामाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तार तुटून खाली पडली, इन्सुलेटर फुटून तार खांबाला लागली, झाडाची फांदी टेकली, की करंट जमिनीत उतरायला लागतो. त्याला आम्ही अर्थ फॉल्ट म्हणतो. पॅनेलवर त्यासाठी एक रिले बसवलेला असतो. करंट भलतीकडे मुरतोय हे त्याला कळतं, तो ब्रेकरला हुकूम देतो, ब्रेकर उडतो आणि लाईन बंद होते. रिलेच्या काचेमागं एक लाल पट्टी खाली पडते, तिला फ्लॅग म्हणतात. ऑपरेटरला समजावं की ट्रिपचं कारण काय. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं, आणि कुणाचा तरी जीव वाचतो.

रिलेचा हुकूम ब्रेकरकडं जातो तो पॅनेलच्या मागच्या एका बारक्या वायरीतून. स्क्रू ढिला केला की ती निघते. मग रिलेला फॉल्ट दिसतो, फ्लॅगही पडतो, पण ब्रेकर उडत नाही. लाईन चालूच राहते. लोकांच्या घरात दिवे लागलेले, ऑपरेटरच्या डोक्याला शांतता. हे कुणी शिकवत नाही. सगळ्यांना येतं.

खरं काम काय असतं, तर फॉल्ट शोधायचा. फीडर मधोमध तोडायचा, अर्धा चालू करून बघायचा. टिकला तर दोष पुढच्या अर्ध्यात. मग तो अर्धा पुन्हा तोडायचा. शेवटी लाईनमननं खांब न् खांब बघत चालायचं. दोष सापडला की ऑपरेटरकडून परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवल्याची परवानगी, घेऊन वर चढायचं. आमच्या माळावर यात दिवस जातो. त्यात आमची जमीन मुरमाड, उन्हाळ्यात तर भाजलेल्या विटेसारखी. तार पडली तरी करंट जमिनीत नीट मुरत नाही, रिलेला कधी कळतं, कधी कळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. मी कितीतरी वर्षं या वाक्याच्या आडोशाला बसून होतो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पाडव्याच्या पुढं-मागं, ऊसतोडीला गेलेले लोक नुकते परत आले होते. वारं सुटलं होतं आणि शेतीचा फीडर सारखा ट्रिप होत होता. प्रत्येक वेळी अर्थ फॉल्टचा फ्लॅग. गावच्या पाणीपुरवठ्याची विहीर त्याच फीडरवर. बाकावर माणसं. मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, “तुम्ही अनुभवी आहात, बघा काहीतरी.” ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे त्यांनी कधीच तोंडानं सांगितलं नाही आणि मी कधीच विचारलं नाही. मी पॅनेलच्या मागं गेलो आणि वायर काढली. संध्याकाळी लावू म्हटलं. हात थोडा थरथरला, एवढं आठवतं.

दुपारी वस्तीवरच्या कौसाबाईंच्या शेळ्या पडकात, म्हणजे पडीक रानात, चरत होत्या. तिथं तार तुटून मुरमावर पडली होती. पडलेली, पण जिवंत. एक शेळी तिच्यावर गेली आणि पाय झाडायला लागली. कौसाबाई तिला उचलायला धावल्या...

फोन आल्यावर मी सगळ्यात आधी लाईन बंद केली. आणि त्यानंतर लगेच, कुणाला काही कळवायच्या आधी, मागं जाऊन वायर परत लावली. फ्लॅग आधीच्या ट्रिपपासून पडलेलाच होता, म्हणून त्यावरून काही कळणार नव्हतं.

चौकशी झाली. रिले तपासला, चांगला निघाला. वायर जागेवर होती. साहेब लोकांनी निष्कर्ष काढला की कोरड्या मुरमामुळं करंट कमी, म्हणून रिलेला कळलं नाही. आणि तार तुटली कुठं? तर जोडावर. तो जोड आमच्या अंबादासनं मारलेला.

अंबादास आमच्या सेक्शनचा लाईनमन. माझ्याहून थोडा लहान, मला दादा म्हणायचा. आम्ही एकाच भरतीतले. जोडाला नळी लागते, ती स्टोअरमध्ये नव्हती, म्हणून त्यानं हातानं पीळ मारून तार जोडली होती. सगळेच मारायचे तसा. पण तुटला तो त्याचा. त्याला सस्पेंड केलं, काही महिन्यांनी परत घेतलं. शिक्षा एवढीच. पण माणूस पहिल्यासारखा परत आला नाही.

आधी तो लई गमत्या होता. खांबावर चढून खालच्या पोरांना म्हणायचा, “तुमच्या मास्तरचं घर दिसतंय रं हितून, झोपलाय!” आता जोड मारला की खाली उतरून तारेकडं बघत उभा राहायचा. संध्याकाळी मला फोन करायचा.

“दादा, त्यो आजचा जोड... धरंल ना?”

“धरेल रे. झोप.”

“बाई डोळ्यापुढून हलत न्हाई, दादा. माझ्या हातानं गेली.”

मी म्हणायचो, तुझ्या हातानं नाही, जमीनच तशी. याच्या पुढं जायला एकच वाक्य लागत होतं. जोड तुटल्यानं तार पडते, अंबादास, पडलेली तार मरत नाही ती माझ्यामुळं. हे वाक्य जिभेवर यायचं आणि मी चहा मागवायचो. शिवाय मी स्वतःला समजावलं होतं — वायर असती तरी त्या मुरमात रिलेला कुठं कळणार होतं? साहेब लोकांनीच तसं म्हटलंय. म्हणजे माझ्यामुळं काहीच झालं नाही. काहीच नाही.

आमच्याकडं आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरून पाणी देतात. घरोघरी आमरस, पुरणपोळीचा नैवेद्य. कौसाबाईंच्या घरी त्यांच्या नावाची घागर निघायचीच. पण अंबादासही दर आखितीला एक नवी घागर घ्यायचा आणि त्या पडकात, जिथं त्या पडल्या त्याच्या जवळच्या लोखंडी खांबाच्या बुडाशी पाणी ओतून, खांबाला हात लावून यायचा. अनवाणी. वस्तीवर कुणाला सांगायचा नाही. मला सांगायचा.

आता ती आखिती, कौसाबाई गेल्यानंतर काही वर्षांनीची.

सकाळपासून शेतीचा फीडर बसत होता. चालू केला की थोडा वेळ टिकायचा आणि ट्रिप. फ्लॅग अर्थ फॉल्टचा. वारं नाही, पाऊस नाही. अशा वेळी समजायचं असतं की कुठंतरी इन्सुलेटर गेलाय, लाईन तोडत तोडत शोधा. पण सणाचा दिवस. गावही याच फीडरवर, त्यामुळं गिरणी बंद, मिक्सर बंद, पुरण वाटायचं खोळंबलेलं. बाक भरला. गिरणीवाले भानुदासराव स्वतः आले.

“ऑपरेटर, तुमच्या फीडरला हगवन लागलीय का काय? बसतोय आन उठतोय, बसतोय आन उठतोय!”

बाक हसला. एक म्हातारबा म्हणाले, “आरं, त्येला बी आमरस जास्त झाला आसंल.”

“हसू नका, बाबा. बायका डबे लावून बसल्यात गिरणीपुढं. मला शिव्या देत्यात, मी म्हनलं ऑपरेटरला द्या.”

साहेबांना फोन केला. मागं पाहुण्यांचा गलबला. “आज माणसं कुठून आणणार तुम्ही पेट्रोलिंगला? बघा काहीतरी.”

मी उठलो, मागं गेलो, स्क्रू ढिला केला, वायर काढली. तिच्या टोकाला लाल टेप गुंडाळली आणि ती बाजूला वाकवून ठेवली. कौसाबाई गेल्यानंतर हे मी कधीच केलं नव्हतं. शपथ घेतली होती असंही नाही, केलं नव्हतं इतकंच. त्या दिवशी केलं. आणि या वेळी हात थरथरला नाही. याची मला आजही भीती वाटते.

फीडर चालू केला. टिकला. भानुदासरावांनी गिरणीवर फोन लावला, “सोडा पट्टा!” बाक मात्र रिकामा झाला नाही. परत बसला तर, म्हणून ते दोघंतिघं तिथंच थांबले.

तेवढ्यात अंबादास आला. सुट्टीवर होता. धुतलेला सदरा, मोटारसायकलच्या पुढं गोणपाटात गुंडाळलेली घागर. दारातूनच म्हणाला, “दादा, फीडर सारखा बसतोय म्हनं?”

“बसत होता. आता धरलाय.”

“अर्थ फॉल्ट?”

“हं.”

“मंग बघून येऊ का? इन्सुलेटर गेला आसंल कुटंतरी.”

मी म्हणालो, “आज सण आहे. जा तू तुझ्या कामाला. धरलाय आता.”

त्यानं पॅनेलकडं बघितलं. दिवा लाल, म्हणजे लाईन चालू. पुढून सगळं बरोबर दिसतं. लाईनमन पॅनेलच्या मागं जात नाही. त्याच्या हिशेबानं फीडर ‘धरलाय’ म्हणजे फॉल्ट आपोआप गेलाय, नसता तर रिलेनं उडवला असता. त्याचा सगळा भरवसा त्या वायरीवर आणि वायर माझ्यावर.

“बरं, तिकडं जाऊन येतो मंग. येताना लाईन बघत येतो,” म्हणाला आणि गेला.

तो फाटकाबाहेर पडेपर्यंत मला हाक मारता आली असती. बाकावर माणसं होती. त्यांच्यासमोर काय म्हणणार — अंबादास, थांब, वायर काढलीय? मी गप्प बसलो. मोटारसायकलचा आवाज लांब गेला तसं मी हिशेब करायला लागलो. फीडर सकाळपासून एकाच तऱ्हेनं बसतोय. म्हणजे एकाच जागी दोष आहे. ती जागा कोणती, हे मला माहीत नाही. आणि अंबादास अनवाणी, हातात पाणी घेऊन, याच फीडरच्या एका लोखंडी खांबाला हात लावायला चाललाय.

मी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. मोटारसायकलच्या डिकीत असणार. तिकडं वाजून काय उपयोग.

तेव्हाच फीडर बंद करायचा. एक हँडल फिरवायचं होतं. मी उठलो, पॅनेलसमोर गेलो. भानुदासराव म्हणाले, “आता काय करताय, ऑपरेटर? चालू हाय ना? हात नका लावू त्याला, बायका मला जाळून टाकतील.” आणि मी... थांबलो. म्हटलं, गिरणीचं दळण होऊ दे, थोड्या वेळानं बंद करतो. म्हटलं, असं कुठं त्याच खांबावर असणार आहे. पॅनेलच्या मागं गेलो आणि त्या टेप लावलेल्या वायरीकडं बघत उभा राहिलो. स्क्रूड्रायव्हर हातात. लावू का? लावली आणि फीडर बसला, तर बाक परत ओरडणार. लाज वाटते, पण त्या क्षणी मी अंबादासचा जीव आणि बाकावरचा ओरडा तोलत होतो.

आणि ब्रेकर उडाला.

धाडकन. आमच्या ब्रेकरचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. हूटर वाजायला लागला. पुढून भानुदासराव ओरडले, “गेला परत!” मी मागंच उभा होतो. वायर माझ्या डोळ्यांसमोर, टोकाला लाल टेप, कशालाच लागलेली नाही. मी बोट लावून बघितलं. लोंबत होती. पुढं आलो. दिवा हिरवा, ब्रेकर उघडा. रिलेच्या काचेमागं अर्थ फॉल्टचा फ्लॅग पडलेला. दुसरा कुठलाही नाही.

रिलेला दिसलं, हे समजू शकतो. हुकूम कुठून गेला?

पण हा प्रश्न मला नंतर पडला. त्या वेळी मी काय केलं ते सांगतो. पळत मागं गेलो, टेप काढली आणि वायर जागेवर लावली. आधी ते. मग अंबादास. दुसऱ्यांदा माझ्या हातांनी तोच क्रम धरला, आणि या सगळ्या लिहिण्यात हेच वाक्य मला सगळ्यात जड गेलं.

भानुदासरावांच्या गाडीवर आम्ही पडकात पोचलो. फोडलेल्या नारळासारखी घागर खांबाशी पडली होती. अंबादास थोडा लांब, जमिनीवर बसलेला, हाताचा तळवा आभाळाकडं करून त्याच्याकडं बघत. तळवा जळाला होता. पायाच्या टाचाही. पण जिवंत होता. मला बघून पहिलं काय म्हणाला माहितीय?

“परमिट दे, दादा. ह्याच खांबावर हाय. गुनगुन यीत हुती, माझ्या ध्यानातच आलं न्हाई. डोळे मिटलेले हुते.”

गाडीत घालून जामखेडला नेताना तो मधेमधे बोलत होता. “हात चिकटला हुता. सुटंना. मला कळत हुतं का आता संपलं... आन मंग कुनीतरी मनगट धरून एकेक बोट उचलल्यावानी... हळू. घाई न्हाई कसली. लेकराच्या मुठीतनं काय काढून घ्यावं तसं.”

करंट गेला की हात सुटतो. त्याचं कारण मला माहीत आहे. हळू का सुटला हे माहीत नाही, पण ते त्याचं सांगणं आहे, त्यावर मी काही म्हणत नाही.

त्या खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर उतरवला तेव्हा त्याला केसासारखी भेग निघाली. सकाळपासूनच्या ट्रिप त्याच्याच होत्या. चौकशीला आलेले साहेब समाधानानं म्हणाले, पाणी ओतल्यानं जमीन ओली झाली, करंट नीट मुरला आणि रिलेनं बरोबर काम केलं. पटण्यासारखं आहे. फक्त दोन गोष्टी. एक, सकाळी त्याच कोरड्या मुरमात, पाण्याच्या थेंबाशिवाय, त्याच रिलेनं तीच जागा पुन्हा पुन्हा ओळखली होती. म्हणजे कौसाबाईंच्या वेळीही ओळखली असती. मी ज्या वाक्याच्या आडोशाला बसलो होतो ते तिथंच गेलं. आणि दुसरी, वायर. ती मी कुणालाच सांगितली नाही.

नंतर एकदा देखभालीसाठी फीडर बंद असताना मी एकटाच होतो. वायर काढली आणि टेस्टिंगच्या डब्यानं रिलेला करंट दिला. फ्लॅग पडला. ब्रेकर जागचा हलला नाही. दारं आपटून बघितली, पॅनेलला धक्के देऊन बघितले, पुन्हा पुन्हा करंट दिला. काही नाही. पुढं कितीतरी वेळा बघितलं. त्या वायरीशिवाय तो ब्रेकर आधी कधी उडाला नव्हता आणि नंतरही कधी उडाला नाही. योगायोगानं ब्रेकरचा खटका निसटला म्हणा. नेमका त्या क्षणी निसटला म्हणा. मीही बरेच दिवस तेच म्हणून बघितलं.

अंबादास बरा झाला, पण उजव्या हाताची पकड गेली. त्याची बायको सुमनवहिनी नारळ घेऊन सबस्टेशनवर आल्या. सगळ्यांसमोर माझ्या पाया पडल्या. “तुमचं ध्यान हुतं म्हनून माझं कुंकू राह्यलं, दादा.” मी त्यांना उठवलं. तेव्हा बोलायला हवं होतं. त्या वर्षीपासून त्यांनी मला राखी बांधायला सुरुवात केली. मी हात पुढं करायचो. वर्षानुवर्षं करत राहिलो. नागपंचमी झाली की मी राखीचे दिवस मोजायला लागायचो, पण हात पुढं जायचा.

यंदा हाताला जमत नाही म्हणून अंबादासनं मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोपाच्या कार्यक्रमात त्याला बोलायला उभं केलं. तो काय बोलणार, लाईनमन माणूस. हार घालून उभा राहिला आणि म्हणाला, “माझ्या हातून येक बाई गेली, ते काय मला फिटायचं न्हाई. आन माझा जीव ह्या दादानं राखला, ते बी फिटायचं न्हाई.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडं बघून वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या घरी गेलो. ओट्यावर बसलो. सगळं सांगितलं. पहिली वायर, दुसरी वायर, फोन, भानुदासराव, सगळं. तो डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं चोळत ऐकत होता. दारामागं वहिनींच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता.

“दोनी येळंला?” त्यानं विचारलं.

“दोन्ही वेळेला.”

“मंजे मी हितं ईस वर्सं...” म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, “तरी जोड माझाच तुटला हुता.”

“जोड तुटला. पण माणूस जोडानं मरत नाही, अंबादास. तुला माहीत आहे.”

“मला म्हाईत हाय. तुला बी म्हाईत हुतं.”

मला शिव्या अपेक्षित होत्या. त्यानं त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं रस्त्यापलीकडच्या तारेकडं बघितलं. मग, खांबाखाली उभं राहून विचारायचा तशा आवाजात, अगदी कामाचं बोलावं तसं म्हणाला,

“वायर काढलेली हुती. तरी बी उडला.”

“हो.”

“नक्की बघितलं तू?”

“बोट लावून बघितलं.”

“मंग तिच्या येळंला का न्हाई उडला? तवा बी वायर काढलेलीच हुती. माझ्यासाठी उडतो आन तिच्यासाठी न्हाई? ती तर बिचारी शेळी सोडवाया गेल्ती.”

सुमनवहिनी चहा घेऊन आल्या. कप माझ्यासमोर ठेवला आणि पदर सावरत म्हणाल्या, “घ्या, साहेब.” इतक्या वर्षांत त्यांनी मला साहेब म्हटलं नव्हतं. मी चहा घेतला. नाही म्हणायचा हक्क राहिला नव्हता.

आमच्या साहेबांनाही सांगितलं, आता जे आहेत त्यांना. ते म्हणाले, ते पॅनेल केव्हाच भंगारात गेलं, नवीन बसलंय, तुम्ही आता रिटायरमेंटचं बघा. कौसाबाईंच्या वस्तीवर गेलो तर दाराला कुलूप. नवरा, मुलगा, सून सगळे ऊसतोडीला गेलेत, पश्चिमेकडं कुठल्याशा कारखान्यावर. पाडव्याला येतील. तेव्हा त्यांच्यासमोर जाऊन बसायचं आहे. काय म्हणतील माहीत नाही. जे म्हणतील ते ऐकायचं.

तुमच्यापैकी कुणी विजेतला जाणकार असेल तर त्यानं जरूर लिहावं, वायर नसताना ब्रेकर कसा उडाला. मी सगळ्या बाजूंनी बघितलंय. पण अंबादासनं विचारलं ते मला कुणाला विचारावं लागत नाही. आखितीला ब्रेकर का उडाला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. कौसाबाईंच्या वेळी का उडाला नाही, याचं आहे.